पुसण्याआधीचे पाच तास

कारासोर,
३१ ऑक्टोबर

प्रिय गुलसिम,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न वाचताच भट्टीत टाकलं नसशील, तर आधी एवढं सांगते की मी आजारी नाही, मरायला टेकलेली नाही आणि कुणाच्या लग्नाचं आमंत्रणही करत नाही. या महिन्यात तुला तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा तू माझं 'हॅलो' ऐकलंस आणि फोन ठेवून दिलास. बरोबर केलंस. तुझ्या जागी मी असते तर वर चार शब्द सुनावलेही असते. पण पत्राला मध्येच तोडता येत नाही. फाडलंस तरी तुकडे जुळवून वाचशील, एवढा तुझा स्वभाव मला अजून ठाऊक आहे.

तर बातमी अशी की गेल्या आठवड्यात ऑफिसात माझ्यापुढे एक कागद ठेवला गेला आणि मी त्यावर सही केली नाही. हसशील तू. थोरली म्हणून जिला सगळे ताते म्हणतात, त्या नागिमा तातेने सही केली नाही? साहेबाने पुढे केलेल्या प्रत्येक कागदावर जी हातातला चहाचा पेला खाली न ठेवता सही ठोकायची, तिने? हो, तिनेच. अठ्ठावन्न वर्षांची झाले, पेन्शनला तीन वर्षं उरलीत, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, आणि आता मला पाठीचा कणा फुटलाय. वरातीमागून घोडं म्हण हवं तर. पण आलं एकदाचं घोडं.

आपल्या हीटिंग खात्यात नवं सॉफ्टवेअर बसतंय, राजधानीहून आलेलं. बॉयलर, रस्त्यांखालचे गरम पाण्याचे नळ, व्हॉल्व्ह, दुरुस्त्या, गोदाम, माणसांच्या पाळ्या, सगळं एकाच जागी. मी त्याच्या विरोधात नाही, आमचं जुनं सॉफ्टवेअर माझ्याइतकंच कुरकुरतं. नवा सर्व्हरही आला. दोघांनी उचलून आणला तेव्हा बातिमा दारात आडवी उभी राहिली. चहापाणी बघणारी बातिमा आठवते ना? अजून आहे आणि अजून सगळ्यांवर आईसारखी डाफरते. म्हणाली, "आधी कोरिमदिक टाका! नव्या सुनेचं तोंड फुकट बघता का कधी? मग हिचं बरं फुकट बघाल!" चार इंजिनियरांनी मुकाट्याने खिशातली चॉकलेटं काढून तिच्या पदरात घातली, तेव्हा कुठे सर्व्हर उंबरा ओलांडून आत आला.

सॉफ्टवेअर बसवायच्या आधी सर्व्हर तयार करावा लागतो, हे तुला मी काय सांगणार! पाहुणे यायच्या आधी घर आवरण्यासारखंच ते काम. केलं तर कुणाला दिसत नाही आणि नाही केलं तर जन्मभर ऐकावं लागतं. सॉफ्टवेअरवाल्यांनी विक्टर किम नावाचा माणूस पाठवला. चाळिशीचा, कोरियन घरातला, शांत, डब्यात रोज गाजराची तिखट कोशिंबीर. त्याच्याकडे एकतीस कलमांची यादी. मेमरी किती, नोंदींची डिस्क वेगळी, घड्याळ राजधानीच्या वेळेशी जुळवलेलं, डेटाबेसला स्वतंत्र खातं. नवव्या कलमावर आमचं वाजलं. त्याला सगळ्या अधिकारांची किल्ली हवी होती. मी म्हटलं, "विक्टर, पाहुण्याला आपण खोली देतो. घराची किल्ली देत नाही." तो म्हणाला, "ताते, बाकीच्या दहा शहरांनी दिली." मी म्हटलं, "मग त्या दहा शहरांत जाऊन राहा बाबा, इथे तुला खोलीच मिळेल." तो हसला आणि त्याने अधिकारांची नवी यादी करून आणली, अगदी लागतील तेवढ्याच. माणूस वाईट नाही. त्याला फक्त नववर्षाच्या आत सगळी शहरं उरकायची आहेत.

घोडं अडलं ते बाविसाव्या कलमावर. 'डिस्क पूर्ण रिकामी. जुन्या डेटाबेसचा बॅकअप घेतलेला. बॅकअप परत भरून तपासलेला.' पुढे तीन चौकोन, तिन्हीत खूण करायची. नवा सर्व्हर आला होता, पण त्याच्या निम्म्या डिस्का अजून 'वाटेत' होत्या, आपल्याकडे वस्तू किती वर्षं वाटेत असतात ते तुला माहीत आहे. म्हणजे जुन्याच डिस्का पुसून नव्यात घालायच्या. आणि त्या डिस्कांवर काय आहे? कारासोरमधल्या एकूण एक नळाचा इतिहास. कुठे कधी फुटला, कुठे ठिगळ आहे, कुठल्या कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह उलटा फिरतो, सगळा. ते पुसलं आणि बॅकअप फसवा निघाला, तर जानेवारीत उणे अडतीसमध्ये पोरं पुन्हा आंधळ्यासारखी रस्ते खणत बसतील. 'पुन्हा' हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय.

श्मिट फोरमन तुला आठवतो का, असं विचारणंसुद्धा चूक आहे. तो जर्मनीला कायमचा निघाला, त्या वसंतात दोन महिने तू त्याच्याशेजारी बसलीस. तो त्याच्या तेलकट वह्या उघडून सांगायचा आणि तू डेटाबेसमध्ये भरायचीस. मध्येच तो डोळे मिटून म्हणायचा, "थांब पोरी, तिथे एक वाकडा जोड आहे, एकोणऐंशीच्या हिवाळ्यात मीच मारला, मला लाज वाटते म्हणून वहीत लिहिला नव्हता." तू तेही लिहिलंस. तो गेल्यावर वह्या कुणीतरी रद्दीत काढल्या, आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणून. त्यावर तू माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हतीस. मी म्हणायचे, ही पोरगी उगाच जीव जाळते.

मग दोन हजार पाचचा ऑक्टोबर. तेव्हाही नवं सॉफ्टवेअर, तेव्हाही डिस्क रिकामी हवी, तेव्हाही साहेबाच्या खोलीत जेवणाचा दस्तरखान मांडलेला, तळलेले बाउरसाक निवत चाललेले. मी विभागप्रमुख, तू माझी सहायक. दाखल्यावर दोन सह्या लागत होत्या, पुसणाऱ्याची आणि प्रमुखाची. तू टेप हातात धरून दारात उभी होतीस. म्हणालीस, "ताते, मला पाच तास द्या. दुसऱ्या मशीनवर एकदा परत भरून बघते, मग पुसते." मी काय म्हटलं ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "अगं, यंत्र रोज सकाळी 'झालं' म्हणतंय ना? तुला यंत्रापेक्षा जास्त कळतं का? कर सही, मांस गार होतंय." तू सही केलीस. तू पुसलंस. टेपवर काही नव्हतं. जानेवारीत सातव्या मोहल्ल्यात प्रसूतिगृहाच्या कोपऱ्यावर नळ फुटला, तो बंद करणारा व्हॉल्व्ह कुठे आहे हे एकालाही सांगता येईना, आणि अकरा दिवस लोक अंगावर गाद्या घेऊन बसले. बाळंतिणींना शाळेच्या व्यायामशाळेत हलवलं. देवाची कृपा म्हणून कुणाचा जीव गेला नाही. पण पावाच्या रांगेत बायका तुझ्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या, आणि बडतर्फीच्या आदेशावर तुझं एकटीचं नाव होतं. फेब्रुवारीत तू दोन पेट्या आणि मुलाला घेऊन दक्षिणेला निघून गेलीस. मी स्टेशनवर आले नाही.

त्यानंतरची एकोणीस वर्षं आम्ही तो इतिहास पुन्हा गोळा केला, एकेक खड्डा खणून. प्रत्येक दुरुस्तीनंतर पोरं चिखलाच्या बुटांनी माझ्या खोलीत यायची आणि मी त्यांना नोंद भरेपर्यंत चहा द्यायचे नाही. एक्केचाळीस हजार तीनशे नोंदी झाल्यात. त्या डिस्कांवर आता तेच होतं.

आता मंगळवारचं ऐक. आमचा साहेब सध्या तोकतार आहे. हो, तोच, जो वायरमन असताना तुझ्याकडून फ्लॉपी मागून न्यायचा आणि परत द्यायचा नाही. आता पोट सुटलंय आणि आम्ही त्याला मानाने तोके म्हणतो. प्रजासत्ताक दिनाच्या आत उद्घाटन व्हायचंच, शहराचे प्रमुख, अकीमसाहेब, स्वतः दुपारी तीन वाजता बटण दाबायला येणार, मेंढी सकाळीच कापलेली. नऊ वाजता त्याने मला बोलावलं. टेबलावर तयारीचा दाखला, एकतीसच्या एकतीस कलमांपुढे आधीच खुणा केलेल्या, खाली माझ्या सहीची रेघ तेवढी मोकळी. मी म्हटलं, "बाविसावं कलम झालेलं नाही. मला पाच तास द्या." तो म्हणाला, "ताते, बॅकअपवर हिरवी खूण आहे. मी स्वतः पाहिली." मी म्हटलं, "तोके, ट्रॅफिकचा दिवासुद्धा हिरवा असतो, तरी माणूस दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडतो." मग तो चिडला. "अकीमसाहेबांना काय सांगू? आमच्या तातेला यंत्रावर भरवसा नाही? लोक काय म्हणतील? दहापर्यंत सही नाही आली तर मी दुसऱ्या कुणाची घेतो, आणि तुम्ही घरी बसून नातवंडं खेळवा." गुलसिम, तो म्हणाला 'दुसऱ्या कुणाची', आणि मला दारात टेप धरून उभी असलेली तू दिसलीस. दुसरं कुणीतरी नेहमीच असतं. माझ्या हाताखाली सध्या एक मुलगी आहे, ऐनाश, सहा महिन्यांपूर्वी लागलेली. बळीचा बकरा कोण झाला असता ते सांगायला नको.

आता मी काय केलं ते फक्त तुला सांगते. फक्त तुलाच असं नाही, लेखीही दिलंय, पण त्याकडे नंतर येते. सर्व्हरच्या खोलीत आग विझवणाऱ्या वायूचे दोन लाल सिलिंडर आहेत. धूर झाला की भोंगा वाजतो, खोलीची वीज आपोआप जाते, वायू सुटतो, आणि अग्निशमनचा निरीक्षक येऊन शिक्का काढेपर्यंत कुणाला आत पाऊल टाकता येत नाही. भिंतीवर दाखला टांगलाय, 'सिलिंडर भरलेले व तपासलेले', खाली तीन सह्या. मी मागेच त्यांच्या दाबाचा काटा बघितला होता, शून्यावर. तीन पत्रं लिहिली, तिन्हींना उत्तर 'दाखला भिंतीवर आहे'. तर मंगळवारी साडेनऊला मी जुना डेटाबेस नीट बंद केला, दोन्ही मशीनं बंद केली, आणि बातिमाकडे चहाला गेले. म्हटलं, "बातिमा, एवढं नवं यंत्र आलं, कोरिमदिक तेवढी चापलीस, आणि अदिरास्पानच्या पाल्याचा धूर काही अजून फिरवला नाहीस?" तिने जीभ चावली. "अगबाई! दृष्ट लागेल की! मला आठवण का नाही केलीस गं?" दहा मिनिटांत ती तव्यावर धुमसणारी जुडी घेऊन हजर. पाठोपाठ साहेबही, कारण अदिरास्पानला नाही म्हणायची छाती आपल्याकडे कुणाची आहे? विक्टरसुद्धा हात बांधून उभा. मी बातिमाला सांगितलं होतं की चांगला दाट होऊ दे. "अलास, अलास, सगळ्या पिडा जावोत," म्हणत तिने सर्व्हरभोवती तिसरी फेरी घातली आणि भोंगा वाजला.

लोक जे पळाले! तोके सगळ्यात पुढे, टाय खांद्यावर. बातिमा तवा सोडेना, "पिडा बाहेर पडतेय, पिडा!" म्हणून ओरडत जिना उतरली. वीज गेली, दार आपोआप बंद झालं, लाल दिवा लागला, 'वायू सुटत आहे' असं यंत्र दोनदा बोललं, आणि काहीही सुटलं नाही. निरीक्षक आला, त्याने सिलिंडर बोटाने वाजवले, भिंतीवरचा दाखला वाचला, पुन्हा सिलिंडर वाजवले. मग तोकेकडे बघून म्हणाला, "सह्या सुंदर आहेत. वायू कुठे आहे?" निरीक्षकाने दाराला कागद चिकटवून शिक्का मारला, सिलिंडर भरून येईपर्यंत खोली बंद. सर्व्हरही आत, डिस्काही आत. पुसायला कुणाचा हात पोचणार नाही असे दोन दिवस मला मिळाले, आणि बॅकअपची डिस्क तर सकाळपासून माझ्या पर्समध्ये होती.

साडेअकराला मी माझ्या खोलीतल्या जुन्या मशीनवर बॅकअप परत भरायला लावला. ऐनाशला शेजारी बसवलं. तीन वाजता अकीमसाहेब आले, बटण कुठेय म्हणाले, बटण शिक्क्यामागे आहे असं कळल्यावर पाहुण्याच्या मानाच्या मेंढीच्या डोक्याकडे वळले. जेवले, सगळ्यांना कान-गालाचा वाटा दिला, तळवे उघडून आशीर्वाद दिला आणि गेले. आभाळ काही कोसळलं नाही. मला खालून दोनदा बोलावणं आलं, मी जागची हलले नाही. साडेचारला पडद्यावर आकडा आला. एक्केचाळीस हजार तीनशे सोळा. मी ऐनाशला म्हटलं, सातवा मोहल्ला, प्रसूतिगृहाचा कोपरा, उघड. तिने उघडलं. व्हॉल्व्ह एकशे अठरा, फुटपाथपासून दोन मीटर, उलटा फिरतो. सगळं होतं. बॅकअप ठणठणीत होता, हिरवी खूण खरी होती, तोके बरोबर होता आणि मी सगळ्या ऑफिसची पळापळ विनाकारण केली होती. ती पोर आनंदाने टाळ्या वाजवायला लागली आणि मी टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. साडेअकरा ते साडेचार. घड्याळात पुन्हा पुन्हा बघितलं. पाच तास, गुलसिम. तू मागितले होतेस तेवढेच, एक मिनिट जास्त नाही. एवढ्याशा वेळासाठी मी तुझं आयुष्य उचलून दुसऱ्या शहरात फेकलं.

आणि आता ते सांगते, जे तुला माहीत नाही. टेप रिकामी का होती, हे तू कित्येक रात्री स्वतःला विचारलं असशील. तुझं काही चुकलं नव्हतं. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मी जुना डेटाबेस एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवला, मशीन हळू चालतं म्हणून. बॅकअपला नवी जागा सांगायची विसरले. आठ महिने तो रोज पहाटे एका रिकाम्या फोल्डरची इमानदारीने नक्कल करत होता आणि 'झालं' म्हणत होता. हे मला पुसल्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. जानेवारीत जेव्हा दोषी शोधायची वेळ आली आणि तुला लेखी खुलासा द्यायला सांगितलं, तेव्हा तू माझ्याकडे कोरा कागद घेऊन आलीस, काय लिहू म्हणून. मी तुला मजकूर सांगितला. 'मी बॅकअप तपासण्यात कसूर केली.' अक्षर तुझं, वाक्य माझं. तू मध्येच थांबून माझ्याकडे बघितलंस, आणि मी म्हटलं, असं लिहिलंस तर नुसत्या ठपक्यावर भागेल. मला माहीत होतं की भागणार नाही. माझी तेव्हा कारणं होती, ती मला पुरली. ती तुला सांगणार नाही, कारण सांगितली तर तू कदाचित समजून घेशील, आणि ते मला नकोय.

सिलिंडर गुरुवारी भरून आले, खरोखरचे. मग मी स्वतःच्या हाताने जुन्या डिस्का पुसल्या, बाविसाव्या कलमापुढे स्वतः खूण केली आणि सही केली. विक्टरने सुट्टीच्या दिवशी बसून शनिवारपर्यंत काम संपवलं. यादीत चौथं कलम होतं सर्व्हरच्या नावाचं. नाव आधीच ठरवायचं असतं, कारण एकदा सॉफ्टवेअर बसलं की ते बदलता येत नाही, बदलायचं तर सगळं उपटून पहिल्यापासून. मी चौकोनात नाव लिहिलं. विक्टरने विचारलं, "कोण ही? तुमची मुलगी का?" मी म्हटलं, या खात्यात काम केलेली सगळ्यात चांगली बाई. सोमवारी सकाळी तोकेने पहिल्यांदा मशीन उघडलं आणि पडद्यावर वाचलं, 'गुलसिमशी जोडत आहे, थांबा.' बराच वेळ थांबला बिचारा. मग मला म्हणाला, "ताते, हे नाव बदला." मी म्हटलं, "बदलत नाही. विक्टरला विचारा." आता रोज सकाळी बॉयलरपासून गोदामापर्यंत तीनशे माणसं तुझं नाव वाचल्याशिवाय कामाला लागू शकत नाहीत. रागावलीस तरी हरकत नाही, आता इलाज नाही.

धुराबद्दल माझ्याकडून लेखी खुलासा मागितला गेला. मी दोन पानं लिहिली. पहिल्या पानावर धूर, भोंगा, सिलिंडर, माझा हेतू, सगळं कबूल. दुसऱ्या पानावर दोन हजार पाच. फोल्डर कुणी हलवला, पाच तास कुणी मागितले, कुणी नाकारले, आणि जानेवारीतला तुझा खुलासा कुणी सांगितला. तोकेने वाचलं, दार लावून घेतलं. म्हणाला, "पहिलं पान ठेवा, दुसरं परत न्या. इतक्या वर्षांचं मेलेलं मढं कशाला उकरता? पेन्शन हातची जाईल." मी म्हटलं, "तोके, मेलेलं नाही ते. दक्षिणेतल्या तुर्किस्तान शहरात शाळेत पोरांना कॉम्प्युटर शिकवतंय." मग आवक विभागात जाऊन दोन्ही पानांवर नंबर टाकून घेतला, चारशे सतरा, शिक्क्यासह. आता ते कुणी पुसू शकत नाही. माझं काय व्हायचं ते होवो, मी बातिमाबरोबर चहाचे पेले विसळीन.

सोबत तीन कागद आहेत. एक माझ्या खुलाशाची शिक्क्याची प्रत. दुसरी तुझ्या तेव्हाच्या खुलाशाची, फाइलमधून काढलेली. तिसरा एक अर्ज, तुझ्या नावाने, तुझ्या नोकरी-पुस्तिकेतली 'निष्काळजीपणामुळे बडतर्फ' ही ओळ रद्द करण्यासाठी. त्यावर तुझी सही लागते, ती मी करू शकत नाही, नाहीतर तीही केली असती. एवढ्यासाठीच हे पत्र. माफी मागत नाही, ती मागायचं तोंड नाही, आणि तू उत्तर दिलं नाहीस तरी मला ते पटेल. फक्त एक ऐक. या वेळी ताते म्हणते म्हणून सही करू नकोस. तिन्ही कागद ओळीन्‌ओळ वाच, कुणा वकिलाला दाखव, मी कुठे काही लपवलंय का ते बघ, माझ्या एकाही शब्दावर भरवसा ठेवू नकोस. पाच तास घे. पाच दिवस घे. आणि सगळं तपासून खात्री पटली, तरच कर.

तुझी सही जिने हिसकावून घेतली होती,
तुझीच,
नागिमा